हाताने भरलेली काडतुसं लिव्हर-अ‍ॅक्शन रायफलीत अडकतात तेव्हा: काय तपासायचं आणि कुठे थांबायचं

लिव्हर (ट्रिगरखालचा कड्याचा दांडा, जो पुढे-मागे केला की काडतूस भरलं जातं) अर्ध्यावर येऊन अडतो. हाताला काहीतरी घट्ट लागतं आणि वाटतं, जरा जोर लावला की जाईल. तो जोर लावायचा नाही. विंचेस्टर १८७३, १८९२, १८९४ किंवा मार्लिनच्या धाटणीच्या रायफली आणि त्यांच्यासाठी स्वतः भरलेली काडतुसं, या जोडीतलं हेच दुखणं माझ्याकडे पुन्हा पुन्हा येतं, आणि बहुतेक वेळा रायफल निर्दोष निघते. दोष काडतुसात असतो: लांबी, गोळीचं टोक, प्रायमरची (बुडातल्या पेटवणाऱ्या टोपीची) बैठक किंवा पुंगळीच्या (पितळी नळकांड्याच्या) तोंडाची आवळणी, म्हणजे क्रिम्प. यातली प्रत्येक गोष्ट जशी लिव्हर अडवते, तशीच ती चेंबरमधला (काडतूस बसतं त्या नळीच्या मागच्या खोलीतला) दाब वाढवू शकते किंवा काडतूस नको त्या क्षणी पेटवू शकते. म्हणून अडलेला लिव्हर मी सुरक्षेचाच प्रश्न म्हणून हाताळतो.

दारूचं वजन या लेखात मुद्दामच दिलेलं नाही. ते दारू किंवा गोळी बनवणाऱ्या कंपनीच्या चालू पुस्तिकेतून घ्यायचं, आणि तेही तुमच्या काडतुसाच्या व तुमच्या रायफलीच्या विभागातूनच. काडतुसं स्वतः भरायची मुभा सगळ्या देशांत नसते. आपल्याकडचा कायदा आणि परवाना आधी पाहून घ्या.

लक्षणं

खालीलपैकी एक किंवा अनेक गोष्टी दिसत असतील तर पुढचं वाचा.

- लिव्हर पुढे ढकलला की मध्येच अडतो. काडतूस कॅरियरवर (ते चेंबरकडे उचलणाऱ्या भागावर) येतं पण वर उचललं जात नाही.
- काडतूस चेंबरच्या तोंडाशी येऊन टेकतं, आत शिरत नाही. गोळीच्या शिशावर ओरखडा उमटतो.
- काडतूस आत जातं, पण लिव्हर शेवटच्या बोटभर अंतरात बंद होत नाही.
- न उडवलेलं काडतूस बाहेर काढलं तर नुसती पुंगळी येते, गोळी नळीतच राहते आणि दारूचे कण यंत्रणेत सांडतात.
- मॅगझिनमध्ये काही वेळ राहिलेलं काडतूस मोजलं तर आधीपेक्षा आखूड भरतं.
- उडालेल्या पुंगळीच्या बुडाजवळ चकचकीत कडं दिसतं, किंवा पुंगळी तिथेच तुटते.
- पुंगळ्या बाहेरून काजळीने काळ्या होतात आणि लिव्हर दर काही फैरींनंतर जड होत जातो.
- एखादा बार नेहमीपेक्षा फुसका वाजतो किंवा नेहमीपेक्षा जोरात धक्का देतो.

शेवटचं लक्षण दिसलं तर पुढच्या तपासण्या राहू द्या. गोळीबार थांबवा, नळी सुरक्षित दिशेला धरून निदान ३० सेकंद थांबा, रायफल रिकामी करा आणि नळीतून आरपार उजेड दिसतो का ते पाहा. फुसक्या बारानंतर गोळी नळीत अडकलेली असू शकते. तिच्यामागून दुसरी सोडली तर नळी फुगते किंवा फाटते.

तपासणीआधी

यंत्रणा चालवून पाहायची ती नेहमी डमी काडतुसांवर. डमी म्हणजे प्रायमर नाही, दारू नाही, फक्त पुंगळी आणि गोळी, पण लांबी आणि क्रिम्प अगदी तुमच्या नेहमीच्या काडतुसांसारखे. पुंगळीच्या अंगाला एक भोक पाडून ठेवा, म्हणजे अंधारातसुद्धा बोटाला कळेल की हे जिवंत नाही. डमी चालवताना जिवंत काडतुसं त्या खोलीत नकोत.

रायफल रिकामी करताना एक धोका कायम असतो. अशा बहुतेक रायफलींत मॅगझिन रिकामं करायला प्रत्येक काडतूस लिव्हरने चेंबरपर्यंत न्यावं लागतं, आणि लिव्हर बंद होताना हात ट्रिगरच्या अगदी जवळ येतो. बोटं लिव्हरच्या कड्यातच, ट्रिगरपासून लांब. आणि नळीचं तोंड पूर्ण वेळ अशा ठिकाणी, जिथे गोळी सुटली तरी कोणाला लागणार नाही.

१. कारखान्याचं काडतूस चालतं का?

सगळ्यात स्वस्त तपासणी. त्याच कॅलिबरचं, लिव्हर-रायफलीला योग्य, चपट्या टोकाचं कारखान्याचं काडतूस परवानगी असलेल्या रेंजवर लावून पाहा. ते लोण्यासारखं सरकत असेल तर रायफलीवर संशय घ्यायचं कारण उरत नाही आणि तुमचं काम भरणीच्या टेबलावर आहे. तेही अडत असेल तर थेट शेवटच्या भागाकडे जा. ही पायरी गाळून स्प्रिंगा बदलत बसलेली माणसं मी पुष्कळ पाहिली आहेत. त्यांचा पैसाही जातो आणि मूळ दोषही तसाच राहतो.

२. गोळीचं टोक

याला कॅलिपरही लागत नाही, डोळे पुरतात. या रायफलींचं मॅगझिन नळीखालच्या ट्यूबमध्ये असतं. काडतुसं एकामागे एक, प्रत्येकाच्या गोळीचं टोक पुढच्याच्या प्रायमरवर टेकलेलं, आणि सगळ्यांवर स्प्रिंगचा रेटा. बार उडाला की सगळी रांग हादरते. टोक अणकुचीदार आणि कठीण असेल तर ते टाचणीचं काम करतं, आणि मॅगझिनमधलं काडतूस तिथल्या तिथे उडतं. तुमचा डावा हात त्या ट्यूबवरच असतो.

म्हणून ट्यूब मॅगझिनमध्ये रुंद चपट्या टोकाचीच गोळी. गोल टोकाच्या शिशाच्या गोळीबद्दल मतं वेगळी आहेत. मी तीही वापरत नाही. २००५ नंतर हॉर्नडी या कंपनीने लवचिक पॉलिमर टोकाच्या अणकुचीदार गोळ्या खास या मॅगझिनसाठी आणल्या. त्या चालतात, पण काही कॅलिबरांत त्यांच्यासाठी पुंगळी नेहमीपेक्षा आखूड कापावी लागते, कारण गोळीवरची खाच वेगळ्या जागी असते. त्याची मापं कंपनीच्या पुस्तिकेतूनच घ्या. विंचेस्टर १८९५ ची गोष्ट वेगळी: तिचं मॅगझिन पेटीसारखं, काडतुसं एकावर एक, त्यामुळे अणकुचीदार गोळी तिला चालते. सॅव्हेज ९९ चं फिरतं मॅगझिनही तसंच. पण ‘लिव्हर-अ‍ॅक्शन आहे, चालेल’ असं म्हणून एकीची काडतुसं दुसरीत घालू नका.

१८६० च्या हेन्री धाटणीच्या रायफलीत मॅगझिन पुढून भरतात आणि फॉलोअर (स्प्रिंगच्या टोकाचा, काडतुसं ढकलणारा तुकडा) हाताने वर ओढून धरावा लागतो. तो सुटला तर स्प्रिंगच्या पूर्ण ताकदीने रांगेवर आदळतो. हाताने धरूनच तो खाली आणायचा.

याच्या उलट टोकाचाही त्रास असतो. खांदा असलेली सेमी-वॅडकटर गोळी मॅगझिनमध्ये निर्धोक असली तरी १८९२ किंवा मार्लिन १८९४ मध्ये तिचा खांदा चेंबरच्या काठाला अडतो, कारण तिथे काडतूस तिरकं वर चढतं. शिशावरचा ओरखडा खांद्यावरच असेल तर गोळीचा नमुना बदला. बाकी काही बिघडलेलं नाही.

३. एकूण लांबी

आता कॅलिपर काढा. भरलेल्या काडतुसाची बुडापासून टोकापर्यंतची लांबी या रायफलींत जितकी महत्त्वाची, तितकी दुसऱ्या कुठल्याही रायफलीत क्वचितच असेल.

१८७३ ची यंत्रणा नीट पाहिली तर कारण लगेच कळतं. मॅगझिनमधून काडतूस सरळ मागे येऊन कॅरियरच्या ठोकळ्यात शिरतं आणि ठोकळा उभाच वर जातो. काडतूस जास्त लांब असेल तर त्याचं टोक मॅगझिनच्या तोंडात राहतं आणि ठोकळा उचलला जात नाही. जास्त आखूड असेल तर रांगेतलं पुढचं काडतूस त्याला ढकलत आत घुसतं, त्याची रिम (बुडाची बाहेर आलेली कड) ठोकळ्यात येते आणि पुन्हा तेच. म्हणजे या रायफलीत काडतूस स्वतःच पुढच्या काडतुसाला अडवून धरतं. .३५७ च्या १८७३ प्रतिकृतीत आखूड बसवलेली .३८ स्पेशल अडकतात ती याच कारणाने. १८९२, १८९४ आणि मार्लिनमध्ये काडतूस रोखायला वेगळा स्टॉप असतो, त्यामुळे त्या आखूडपणा थोडा जास्त सहन करतात.

अमेरिकेतल्या प्रमाणित मापांनुसार कमाल लांबी अशी: .४४-४० साठी १.५९२ इंच, .४५ कोल्टसाठी १.६००, .३८ स्पेशलसाठी १.५५०, .३५७ मॅग्नमसाठी १.५९०, .४४ मॅग्नमसाठी १.६१०, .३०-३० आणि .४५-७० या दोन्हींसाठी २.५५०. ही कमाल मर्यादा झाली. तुमच्या गोळीसाठी नेमकी लांबी पुस्तिका देते.

इथे एक सापळा आहे. काडतूस लांब पडतंय म्हणून माणूस गोळी आणखी आत ढकलतो. गोळी आत गेली की दारूसाठीची जागा कमी होते, आणि तेवढ्याच दारूचा दाब वर जातो. छोट्या सरळ पुंगळ्यांत हा फरक मोठा असतो. पुस्तिकेतल्या लांबीपेक्षा गोळी आत बसवावी लागत असेल तर ती गोळी त्या रायफलीसाठी नाही. उलट बाजूला, गोळी इतकी बाहेर असेल की नळीच्या चरांना टेकते, तर न उडवता काडतूस काढताना गोळी नळीत आणि दारू यंत्रणेत, हे चौथं लक्षण दिसतं. नळीत गोळी अडकलेली असताना दुसरं काडतूस चेंबरमध्ये घालायचं नाही.

४. प्रायमरची बैठक

काडतुसाच्या बुडावरून बोट फिरवा. प्रायमर हाताला लागता कामा नये. तो बुडाच्या पातळीच्या किंचित खाली हवा, साधारण तीन ते पाच हजारांश इंच. बोटावर विश्वास नसेल तर सरळ पोलादी पट्टी बुडावर आडवी धरा आणि काडतूस टेबलावर उभं करून डुलतं का पाहा.

वर आलेला प्रायमर लिव्हर शेवटच्या टप्प्यात अडवतो, आणि इथेच जोर लावणं सगळ्यात धोक्याचं. बोल्ट (चेंबर मागून बंद करणारा भाग) पूर्ण बंद होण्याआधी प्रायमरवर दाब आला आणि तो पेटला, तर काडतूस उघड्या यंत्रणेत उडतं. मॅगझिनमध्येसुद्धा हाच वर आलेला प्रायमर मागच्या गोळीच्या टोकाचा मार खातो.

प्रायमर का वर राहतो? बहुतेकदा बुडातल्या प्रायमरच्या खाचेत जुनी काजळी असते. ती खरवडून काढली की काम होतं. दुसरं कारण चुकीचा प्रायमर. लार्ज रायफल प्रायमर लार्ज पिस्तूल प्रायमरपेक्षा सुमारे आठ हजारांश इंच उंच असतो. .४४-४० आणि .४५ कोल्टच्या पुंगळ्या पिस्तूल प्रायमरसाठी बनतात. ‘रायफलीत वापरायचं’ म्हणून रायफल प्रायमर घातला की तो वर राहणारच, शिवाय त्याची आगही वेगळी. पुस्तिकेत जो लिहिलाय तोच.

भरलेल्या काडतुसाचा प्रायमर नंतर खाली दाबायचा प्रयत्न कधीही करू नका. असं काडतूस गोळी काढून मोकळं करायचं.

५. क्रिम्प, म्हणजे तोंडाची आवळणी

एकच तपासणी करायला वेळ असेल तर ही करा.

रिव्हॉल्व्हरमध्ये धक्क्याने गोळी पुंगळीतून बाहेर सरकते. ट्यूब मॅगझिनमध्ये उलट: स्प्रिंगचा रेटा आणि प्रत्येक बाराचा धक्का गोळीला आत ढकलतो. काळ्या दारूच्या काळात हा प्रश्न फारसा येत नसे. .४४-४० मध्ये ४० ग्रेन काळी दारू पुंगळी गच्च भरून टाकायची आणि २०० ग्रेनची गोळी त्या दारूवरच टेकलेली असायची. आत जायला जागाच नव्हती. धूरविरहित दारू तीच गोळी सोडायला पुंगळीचा लहानसा भागच व्यापते. खाली पोकळी. आता गोळीला फक्त पुंगळीची पकड आणि क्रिम्प धरून ठेवतात. ते ढिले असतील तर गोळी आत सरकते, काडतूस आखूड होतं, आणि तिसऱ्या भागातले दोन्ही त्रास, अडकणं आणि वाढलेला दाब, एकदम येतात.

पहिली चाचणी टेबलावर. डमीची लांबी मोजा, गोळीचं टोक लाकडी टेबलाच्या कडेवर टेकवून अंगठ्याने बुडावर चांगला दाब द्या, पुन्हा मोजा. माप हललं नाही पाहिजे. दुसरी चाचणी रेंजवर, आणि खरी हीच: एका काडतुसावर मार्करची खूण करून त्याची लांबी लिहून ठेवा, ते मॅगझिनमध्ये सगळ्यात आधी घाला म्हणजे ते शेवटी निघेल. बाकीची उडवा, खुणेचं न उडवता काढा आणि मोजा. कॅलिपर हातात धरण्यातच हजारांश इंच इकडेतिकडे होतो, तेवढं सोडा. त्याहून जास्त आखूड झालं असेल, तर त्या पेटीतलं एकही काडतूस वापरायचं नाही.

उपाय करताना लोक क्रिम्प आणखी दाबतात. बरेचदा खरा दोष त्याआधीच असतो: मान रुंद करणारा एक्सपांडर जास्त जाड असतो, त्यामुळे पुंगळी गोळीला मुळातच पकडत नाही. आधी ती पकड बघा. गोळी क्रिम्पआधीच बोटांनी फिरत असेल तर क्रिम्प तिला वाचवू शकत नाही. मग क्रिम्प गोळीवरच्या खाचेतच बसतोय का पाहा. खाचेच्या वर किंवा खाली तोंड आवळलं तर ते गोळीच्या अंगात रुततं आणि नेमकं उलट काम करतं. खाच नसलेली गोळी मी ट्यूब मॅगझिनसाठी घेतच नाही.

आणि गोळी बसवणं व क्रिम्प करणं ही दोन कामं दोन वेगळ्या वेळी. एकाच फटक्यात केली तर तोंड आवळलं जात असताना गोळी अजून खाली जात असते. पितळेला जायला जागा नसते, आणि ते खांद्याशी फुगतं. .४४-४० ची मान इतकी पातळ आहे की ती चुरगळतेच. नुसत्या डोळ्यांना ही फूग दिसत नाही, पण चेंबरला कळते.

६. शेवटच्या बोटभर अंतरात अडणं

काडतूस आत जातं पण लिव्हर मिटत नाही, तेव्हा काडतूस नक्की कुठे घासतंय ते शोधा. डमीला काळ्या मार्करने तोंडापासून रिमपर्यंत रंगवा, शाई वाळू द्या, हलक्या हाताने चेंबरमध्ये घाला आणि काढा. शाई जिथे पुसली गेली तिथे दोष.

गोळीवर पुसली असेल तर ती नळीच्या चरांना टेकते. तोंडाशी पुसली असेल तर दोन शक्यता: पुंगळी वाढून लांब झाली आहे, किंवा गोळी जाड आहे. खांद्याशी पुसली असेल तर मघाची फूग, किंवा सायझिंग डाय (उडालेली पुंगळी दाबून मापात आणणारा साचा) पुरेशी खाली आलेली नाही. रिमजवळ पुसली असेल तर ती पुंगळी बहुधा दुसऱ्या, ढिल्या चेंबरच्या रायफलीत उडालेली आहे.

पुंगळीची लांबी हा दाबाचा विषय आहे, म्हणून तिथे थोडं थांबू. प्रत्येक बाराला पितळ थोडं पुढे वाहतं. .३०-३० ची पुंगळी २.०३९ इंचाच्या आणि .४५-७० ची २.१०५ इंचाच्या वर गेली की कापायलाच हवी. न कापता वापरली तर तिचं तोंड चेंबरच्या टोकाला टेकून गोळीवर दाबलं जातं. बाराच्या वेळी ते तोंड उघडायला जागा मिळत नाही आणि दाब चढतो. शिवाय लांब-आखूड पुंगळ्या एकत्र भरल्या तर एकाच डायमधून कुणाला क्रिम्प जास्त मिळतो, कुणाला कमी. मागच्या भागातली अर्धी डोकेदुखी इथूनच येते.

जाड गोळीचंही तसंच. जुन्या .४४-४० नळ्यांचे व्यास एकमेकींशी जुळत नाहीत, काही .४२७ इंचाच्या आसपास, काही .४२९ किंवा त्याहून मोठ्या. नळीला साजेशी जाड गोळी घेतली की कधी कधी ती चेंबरच्या मानेत मावत नाही. ती जोराने बसवून चालत नाही. नळी आणि चेंबर यांचा मेळ नसेल तर गनस्मिथकडून चेंबरचा साचा काढून घ्या.

७. बुडाजवळचं चकचकीत कडं

हे प्रामुख्याने .३०-३० आणि तिच्यासारख्या बाटलीच्या आकाराच्या पुंगळ्यांचं दुखणं. १८९४ आणि मार्लिन ३३६ यांत बोल्ट मागच्या टोकाला बंदिस्त होतो, त्यामुळे बाराच्या वेळी यंत्रणा जराशी ताणते आणि पुंगळीही ताणली जाते. त्यात तुम्ही दर वेळी सायझिंग डायने खांदा पार मागे ढकलत असाल, तर पुढच्या बाराला पुंगळी पुन्हा तितकीच ताणते. बुडाच्या थोडं वर भिंत पातळ होत जाते आणि एके दिवशी पुंगळी तिथेच तुटते.

कडं दिसलं की पातळ तारेचं टोक काटकोनात वाकवून पुंगळीत घाला आणि बुडाकडून वर ओढा. खाचेत टोक अडखळल्यासारखं वाटलं तर ती पुंगळी गेली. खात्री हवी असेल तर त्याच तुकडीतली एक उभी कापून पाहा. बुडाशी जाड असलेली भिंत मध्येच पातळ झालेली स्पष्ट दिसते. एका पुंगळीत ते दिसलं तर त्या तुकडीतल्या सगळ्याच भंगारात घाला, कारण त्या सगळ्या तेवढ्याच वेळा उडालेल्या आहेत. नवीन पुंगळ्यांसाठी डाय इतकीच खाली आणा की काडतूस सहज बंद होईल, त्याहून जास्त नको.

पुंगळी तुटून पुढचा अर्धा भाग चेंबरमध्ये राहिला तर पुढचं काडतूस अर्धंच आत जाईल. तिथे लिव्हर ठोकून मिटवू नका. तुटलेली पुंगळी काढायला वेगळं हत्यार असतं. ते नसेल आणि वापरता येत नसेल, तर रायफल रिकामी करून कारागिराकडे.

जुन्या साठ्यातल्या पोकळ बुडाच्या पुंगळ्या, ज्यांत आतून प्रायमरची खाच कपासारखी वर आलेली दिसते, त्या भरायला घेऊ नका. आजच्या भरीव बुडाच्या पुंगळ्यांइतकी ताकद त्यांच्यात नाही, आणि आतली जागाही वेगळी असते.

८. काजळी

.४५ कोल्टमध्ये फार हलकी भरणी केली की दाब इतका कमी राहतो की पुंगळी चेंबरच्या भिंतीला चिकटून गॅस अडवत नाही. काजळी मागे येते, लिव्हर जड होतो. .४४-४० ची पातळ मान हेच काम चांगलं करते. उपाय पुस्तिकेच्या मर्यादेतच: तिच्यातली थोडी वरची भरणी, जरा वजनदार गोळी, आणि साफसफाई.

९. दारू

दारूपाशी मी मुद्दाम उशिरा आलो, कारण अडकण्याचं कारण क्वचितच दारू असतं. पण रायफल फुटते ती इथे.

काळ्या दारूची काडतुसं आकारमानाने भरतात आणि तिच्यात पोकळी ठेवत नाहीत. धूरविरहित दारू वजनानेच भरायची. जुन्या काडतुसात जितकी काळी दारू मावायची तितकी धूरविरहित दारू घातली, तर रायफलही वाचत नाही आणि माणूसही. .४५ कोल्ट आणि .४५-७० सारख्या मोठ्या पुंगळ्यांत झटपट जळणारी पिस्तुलाची दारू दोनदा पडली तरी बाहेर सांडत नाही. म्हणून भरलेल्या सगळ्या पुंगळ्या ठोकळ्यात उभ्या करून गोळी बसवण्याआधी दिव्याखाली प्रत्येकीची पातळी पाहायची. टेबलावर एका वेळी एकच दारूचा डबा. आणि शिसं व प्रायमरच्या धुळीमुळे काम झाल्यावर हात साबणाने धुवायचे, तोपर्यंत खाणं-पिणं नाही.

त्याच नावाचं काडतूस प्रत्येक रायफलीत सारखं नसतं. १८६६ आणि १८७३ चा बोल्ट दुमडणाऱ्या टॉगल-जोडावर तोलून धरलेला असतो. १८८६ आणि त्याच धर्तीच्या १८९२ साठी रचनाकार जॉन ब्राउनिंगने दोन उभे लॉक दिले, ते कितीतरी मजबूत. .४५ कोल्ट दोन्हींसाठी मिळतं. प्रमाणित कमाल दाब .४४-४० साठी ११,००० पीएसआय (दर चौरस इंचावर पौंड), .४५ कोल्टसाठी १४,०००, .४५-७० साठी २८,०००, .४४ मॅग्नमसाठी ३६,०००, .३०-३० साठी ४२,०००. .४५-७० च्या भरण्या पुस्तिकांत तीन वेगळ्या विभागांत छापतात: ट्रॅपडोअर स्प्रिंगफील्डसाठी, लिव्हर-रायफलीसाठी आणि मजबूत एकबारीसाठी. चुकीच्या पानावरची भरणी आधी कोणाला इशारा देत नाही. ‘प्रायमर चपटा झाला नाही, म्हणजे दाब ठीक’ हा हिशोब .४४-४० ला लागूच पडत नाही; तिथे प्रायमर चपटा दिसेपर्यंत मर्यादा कधीच ओलांडलेली असते.

१०. रायफल, आणि गनस्मिथ

कारखान्याची काडतुसंही अडत असतील तर काम तुमच्या हातचं राहत नाही. मार्लिनमध्ये कॅरियर आणि लिव्हर जिथे एकमेकांना घासतात तिथली झीज वाढली की दोन काडतुसं एकदम आत शिरतात आणि लिव्हर मध्येच कुलूप लागल्यासारखा अडतो. स्टॉप झिजणं, मॅगझिनची स्प्रिंग मऊ पडणं, टॉगलच्या पिना ढिल्या होणं, ही कामं मापं घेऊन करायची असतात. कानशीने घासून कॅरियर ‘बसवण्याचे’ प्रयोग करू नका. उतरलेला धातू परत चढत नाही.

पुढीलपैकी काहीही दिसलं तर एकही फैर न झाडता रायफल बंद करून ठेवा: नळी फुगलेली किंवा तिच्यात कडं दिसणं, बोल्ट बंद असताना हाताने मागेपुढे हलणं, पुंगळ्या वारंवार तुटणं, प्रायमरला भोक पडणं, बंद होताना आपोआप बार होणं, चेंबरमध्ये तुटलेला तुकडा. जुनी मूळ रायफल, प्रतिकृती नव्हे, असेल तर पहिल्या फैरीआधीच तिचा हेडस्पेस (बंद बोल्टपासून काडतूस जिथे टेकतं तिथपर्यंतचं अंतर) आणि नळी तपासून घ्या.

गनस्मिथकडे जाताना रायफल एकटी नेऊ नका. सोबत दोन-तीन डमी, त्याच तुकडीच्या उडालेल्या पुंगळ्या, भरणीची वही आणि लक्षण नेमकं कधी येतं याची टिपणं न्या. संशयित तुकडीतली जिवंत काडतुसं डब्यावर ‘वापरू नये’ असं लिहून बाजूला ठेवा आणि गोळी काढायच्या हत्याराने एकेक मोकळी करा. ती उडवून संपवायची नाहीत. सुटलेली दारू परत डब्यात ओतायची नाही, कारण ती कोणती हे आता फक्त आठवणीवर असतं.